तेरा दात, बासष्ट दात

गाडी आली तेव्हा ती गाडी आहे हेच मला आधी कळलं नाही. भिलाईच्या सुपेल्यात काकांच्या वर्कशॉपसमोर ट्रेलरवरून काहीतरी लांबलचक, ताडपत्रीत गुंडाळलेलं उतरत होतं आणि निम्मी गल्ली मोबाईल काढून उभी होती. मला वाटलं, काकांनी कुठून तरी जुनं बॉयलर उचलून आणलं. मी स्कूटी लावली, मागे बसलेले बाबा उतरले, त्यांनी चष्मा पुसला आणि ताडपत्रीखालून दिसणारं मागचं चाक पाहून ते म्हणाले, "अबे बाप्पा! हे तं मोटार आहे."

माझे बाबा सहसा कशालाच 'बाप्पा' म्हणत नाहीत. सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, मशीन शॉपला, त्यातही बहुतेक गिअर कापण्यात गेलेली. माणसाच्या उंचीचे गिअर कापलेला माणूस मोटारीच्या गिअरकडे बघतो तेव्हा नाक मुरडूनच बघतो. काका म्हणजे त्यांचे प्लांटमधलेच जोडीदार. नात्याचे कुणी नव्हेत, पण दोघंही भंडाऱ्याकडचे आणि प्लांटच्या टाउनशिपमध्ये एका सेक्टरमध्ये राहिलेले, म्हणून काका. रिटायर झाल्यावर काकांनी लिलावात गिअर कापायचं एक जुनं मशीन घेतलं आणि सुपेल्यात शेड टाकली. राइस मिलचे, क्रशरचे, जामुलच्या सिमेंटच्या ट्रकांचे गिअर तिथं बनत. बाबा रोज सकाळी तिथं सल्ला द्यायला जात, म्हणजे काकांच्या भाषेत डोकं खायला. मी शाळेतली गणिताची नोकरी मुदतीआधीच सोडून घरी बसलेली, त्यामुळे रिसालीच्या घरापासून सुपेल्यापर्यंत त्यांची ने-आण माझ्या स्कूटीवर. पेट्रोल माझं, ऐट त्यांची!

त्या दिवसांत आमच्या घरात एकच कटकट चालू होती, बाबांच्या कानाची. त्यांना ऐकू कमी येत होतं, आणि थोडंथोडकं कमी नाही. प्लांटमध्ये राबलेल्यांत हे घरोघरी आहे. आमच्या गल्लीत संध्याकाळी चार म्हातारे गप्पा मारायला बसले की परक्याला वाटतं, भांडण जुंपलं. पण बाबा कबूलच करत नव्हते. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणत, "मले काय झालं? तुम्ही लोकं बोलता कुजबुज कुजबुज. मी अजून आवाजावरून सांगतो, कोणता दात घासून राहिला." आणि त्यापुढचं ठरलेलं, "ज्या दिवशी मले गिअरचा आवाज समजणार नाही, त्या दिवशी मी घरी बसीन. मंग शॉपमदी पायही ठेवणार नाही."

एकदा बोललं की बाबा बदलत नाहीत. म्हणून खरं सांगते, मी तो विषय ताणायला भीत होते. घरी बसलेले बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

गाडीचे मालक राजनांदगावकडचे, दातांचे डॉक्टर, साठी उलटलेले. त्यांच्या आजोबांची लहानशी जमीनदारी होती आणि ही गाडी आजोबांची, शंभरेक वर्षांपूर्वीची. ताडपत्री काढली तेव्हा गल्लीतले लोक मोबाईल खाली करून बघायला लागले. मागे बसायची जागा म्हणजे अख्खी खोली. सोफा, पडद्यांच्या पितळी दांड्या, आणि ड्रायव्हर व मागचे लोक यांच्यामध्ये जाड काच. इंजिन डॉक्टरांनी पुष्कळ खटपट करून सुरू करून घेतलं होतं. घोडं अडलं होतं मागच्या ॲक्सलपाशी. मूळची गिअरची जोडी कुणीतरी कधीतरी काढून फेकली होती आणि भलत्याच गाडीची जोडी ठोकून बसवली होती, तिचेही अर्धे दात गेलेले.

"दातवाल्याचं कामही दातांचंच," काका म्हणाले. डॉक्टर हसले, बाबांना ऐकू आलं नाही, मग मी ते त्यांना ओरडून सांगितलं आणि तेवढ्यात विनोद शिळा झाला.

नवी जोडी कापून देऊ, यात बाबांना काही विशेष वाटत नव्हतं. प्रश्न होता, किती दातांची? मूळची जोडीच गेलेली, तर मोजणार काय?

हे मला जसं समजलं तसं सांगते. इंजिनाकडून एक दांडा मागे येतो. त्याच्या टोकाशी लहान गिअर असतो, तो पिनियन. पिनियन ताटाएवढ्या मोठ्या गिअरला फिरवतो, तो क्राऊन, आणि क्राऊन चाकांना फिरवतो. दांडा चार वेळा फिरला तेव्हा चाक एकदा फिरलं, तर रेश्यो चार. हा आकडा लहान ठेवला की गाडी पळते आणि इंजिन निवांत राहतं, पण हळू जायचं म्हटलं की ती दम तोडते, सारखा गिअर बदलावा लागतो. आकडा मोठा ठेवला की टॉप गिअरमध्येच ती माणसाच्या चालीनं चालते आणि तिथूनच वेग घेते, पण पळवायला गेलं की इंजिन बोंब मारतं. आजच्या गाडीत हे सगळं कारखान्यातच ठरून येतं, आपल्याला कोण विचारतो? पण तेव्हाच्या बड्या गाड्या घेणाऱ्याला विचारत, की बाबा रे, मागचा ॲक्सल कोणता देऊ? शिंप्यानं बाहीची लांबी विचारावी तसं.

मला हे भलतंच आवडलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एक आकडा निवडला होता आणि तो आकडा आता हरवला होता! मास्तरणीला अजून काय पाहिजे.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. "बाबूजी, अब तो रायपुर तक बढ़िया रोड है. छोटा रेश्यो रखिए, गाड़ी भागनी चाहिए."

बाबांनी त्यांना तीन प्रश्न विचारले. गाडी चालवणार कोण? मागे बसणार कोण? आणि थांबवणार कशानं? तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टरांनी मान खाली घातली, कारण त्या गाडीचे ब्रेक म्हणजे नुसत्या लोखंडी सळया आणि देवाची दया. पहिल्या प्रश्नावर म्हणाले, मीच चालवणार. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं हे त्यांच्या चालण्यावरून दिसतच होतं. बाबा त्या गुडघ्याकडे बघत राहिले.

मूळ आकड्याचा शोध बाबांनीच लावला, हे मात्र मान्य केलं पाहिजे. दोन दिवस ते गाडीभोवती फिरले, खाली वाकले, उठताना मला हाका मारल्या, आणि तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथून स्पीडोमीटरची केबल निघत होती आणि तिच्या मुळाशी दोन छोटे पितळी गिअर होते, बोराएवढे. स्पीडोमीटर सगळ्या गाड्यांना तोच, पण ॲक्सल आणि टायर प्रत्येकीचे वेगळे, म्हणून हिशोब जुळवायला ही छोटी जोडी निवडून बसवायचे. मागची जोडी गेली होती, पण ह्या पिटुकल्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"आता मांड तुहं गणित," बाबा म्हणाले, आणि मी शेडच्या फरशीवर खडूनं मांडलं. डायलच्या मागे एका मैलाला केबलचे किती फेरे तो आकडा कोरलेला होता. टायरचं माप रिमवर होतं. पितळी दात मोजले. उलटं जात जात रेश्यो आला पावणेपाच.

"पावणेपाच!" बाबा ओरडले. "मोटार होती का रोलर? हे सपाट मुलूख, धानाचे बांध, चढ म्हणून नाही कुठं. पावणेपाच कावून घेतलं बुढ्यानं?"

मी गणित पुन्हा तपासलं. पावणेपाचच.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी रायपूरला आपल्या बुआला, म्हणजे आत्याला फोन लावला, नव्वदीच्या आसपासच्या. फोन स्पीकरवर, बुआ बोलत होत्या अर्धं छत्तीसगढीत, अर्धं हिंदीत, आणि बाबा तोंड पुढे काढून सारखे "का म्हणते? का म्हणते?" मी एकेक वाक्य त्यांच्या कानाशी ओरडत होते. घरीही आमचं असंच चाले. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा शेजारच्या दोन घरांना कळेल असं सांगावं लागे.

बुआचं म्हणणं असं. गाडी आली तेव्हा चालवायला ठेवला तो घरचाच माणूस, आधी त्यांची बैलगाडी हाकणारा. आजोबांचा दुसऱ्या कुणावर विश्वासच नव्हता. माणूस सोन्यासारखा, बैल त्याच्या नुसत्या शब्दावर चालत. पण गिअर बदलणं त्याला आयुष्यात जमलं नाही. त्या गाड्यांत गिअर बदलायचा म्हणजे कसब, जरा चुकलं की खर्रर्र, आणि त्या खर्रर्र आवाजानं आतल्या बायका दचकत, पोरं रडत, आणि गावभर कळे की मालक निघाले. आजोबांनी माणूस बदलला नाही. त्यांनी कलकत्त्याला लिहून ॲक्सल बदलून घेतला. गाडी एकदा टॉपमध्ये टाकली की दिवसभर दांड्याला हात लावायला नको, वाटेत बैलगाडी आडवी आली तरी तिच्यामागून तशीच चालत जाईल.

किती वेळ मी नुसती त्या फरशीवरच्या आकड्याकडे बघत होते. पावणेपाच म्हणजे एका गाडीवानाला कामावरून न काढणं! एवढं माणूसपण एखाद्या अपूर्णांकात असू शकतं, हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलं नव्हतं.

 डॉक्टर आपला डावा गुडघा चोळत म्हणाले, "वही रखिए, बाबूजी. मुझसे भी क्लच कहाँ दबता है." बाबांचा चेहरा असा फुलला, जसं काही त्यांनीच हा आकडा काढला होता. बरं, काढला होताच.

मी म्हटलं, पावणेपाच तर बाराला सत्तावन्न, सोपं आहे. बाबांनी मानच हलवली. "बारा न् सत्तावन्नमदी तीन जाते का नाही? मंग तोच दात त्याच त्याच दाताले पुन्हा पुन्हा भेटते. एक खराब असला का दुसऱ्यालेही खराब करते." त्यांनी तेरा आणि बासष्ट घेतले. दोघांत सामाईक काहीच नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या सगळ्या दातांना भेटून आल्यावरच पहिल्याकडे परत येतो. झीज सगळ्यांत वाटली जाते. रेश्यो पावणेपाचपेक्षा केसभर जास्त, त्यानं काही बिघडत नाही. अगं बाई, म्हटलं, मसावि! आयुष्यभर पोरांना मसावि शिकवला आणि एकानं जरी विचारलं असतं की बाई हे कशाला, तर मला सांगता आलं नसतं. त्या रात्री जेवताना मी बाबांना अजून असलेच प्रश्न विचारत राहिले आणि तेही ओरडून ओरडून उत्तरं देत राहिले. फार दिवसांनी आमचं जेवण भांडणाशिवाय झालं.

जोडी कापली, कडक केली, घासली. बाबा आणि काका दोघं म्हातारे मशीनपाशी असे उभे राहत, जसं घरात लग्न आहे. मग ॲक्सलमध्ये बसवण्याचं काम आलं. दातांना निळा रंग लावतात, हातानं फिरवतात, आणि रंग कुठं पुसला ते पाहून कळतं की दात दाताला कुठं टेकतो. शिवाय दोन दातांमध्ये जरासा खेळ ठेवावा लागतो, म्हणजे मोकळी जागा. पिनियनच्या मागे पत्र्याच्या पातळ चकत्या कमी-जास्त करून हे सगळं जुळवायचं. दोघांनी अर्ध्या दिवसात जुळवलं, एकमेकांना शाबासकी दिली आणि चहा मागवला.

पहिली चक्कर जामुलच्या रस्त्याला झाली. डॉक्टर चालवायला, बाबा त्यांच्या शेजारी, मी आणि काका मागे. गाडी निघाली आणि खरंच, टॉपमध्ये चालत्या माणसाच्या वेगानं निघाली, मग अलगद पुढे सरकली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि तेवढ्यात माझ्या सीटखालून आवाज सुरू झाला. बारीक, लांब, एकसुरी. ऊंऽऽऽ. वेग वाढला की चढायचा, कमी झाला की उतरायचा. ट्रकांच्या गोंगाटातही तो ऐकू येत होता. अशा गाडीत, जिथं मागच्या माणसाला इंजिनही ऐकू येऊ नये म्हणून मध्ये काच घातली आहे, तिथं हा आवाज!

मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीतून बाहेर बघत खुशीत मान डोलवत होते.

शेडमध्ये परत आल्यावर बाबा उतरले, छाती पुढे काढून म्हणाले, "एकदम चुप! आहे का कुठं आवाज?" काका म्हणाले, "नावाले नाही." डॉक्टर म्हणाले, "बहुत बढ़िया, बाबूजी," आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, थोड़ी सी आवाज़ है ना? आप उनसे मत कहिएगा. मैं ऐसे ही चला लूँगा."

माझ्या डोक्यात सणक गेली. चांगुलपणाचाच राग आला मला! हा भला माणूस ती रडकी गाडी घेऊन जाणार, चार लोकांत दाखवणार, ते चौघं कान टवकारणार, आणि विचारणार की हे काम कुणी केलं? पण सांगितलं तर? ज्या दिवशी गिअरचा आवाज समजणार नाही त्या दिवशी घरी बसीन. तो दिवस आजच होता आणि हे फक्त त्यांनाच माहीत नव्हतं. सांगावं तर मीच त्यांना घरी बसवणार, आणि न सांगावं तर त्यांची आयुष्यभराची अब्रू त्या ॲक्सलमध्ये ऊंऽऽऽ करत गावभर हिंडणार. 

"बाबा," मी ओरडले, "गाडी रडून राहिली!"

"आं?"

"आवाज आहे! मागून! सारखा!"

"कुठं आहे? तुले तं सदा काही ना काही ऐकू येते." ते काकांकडे वळले. "तुले आला का बे?"

"मले नाही आला," काका म्हणाले. घ्या! एका बहिऱ्याला दुसरा बहिरा साक्षीदार. एरवी मी हसून मेले असते.

मग बाबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. बाबांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं. चेहराच उतरला त्यांचा. ते हळूच स्टुलावर बसले आणि कुणाला तरी विचारावं तसं म्हणाले, "मंग... बसू का मी घरी?"

 काय बोलावं सुचलं नाही की मी चिडते, हा माझा स्वभाव. "बसा ना घरी, कोण नाही म्हणते!" मी म्हटलं. "पण आधी हे निस्तरा! असं अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधून कुठं चालले?"

  बाबा उठले, काकांना म्हणाले, "जॅक लाव." मागची चाकं उचलली, इंजिन सुरू करून गाडी टॉपमध्ये टाकली, चाकं अधांतरी फिरायला लागली. बाबांनी कोपऱ्यातून एक लांब सळई घेतली. मेकॅनिक लोक सळईचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावतात, ते मला माहीत होतं. बाबांनी ती कानाला लावली, क्षणभर थांबले, काढली. आणि मग दातांत धरली, कानाला न कळलेली थरथर हाडांतून कळावी म्हणून.

"अरे अरे, बाबूजी, दाँत!" डॉक्टर धावले. पेशाच तो त्यांचा. बाबांनी हातानंच त्यांना थांबवलं. डोळे मिटले. सळईचं दुसरं टोक ॲक्सलच्या पोटावर इकडे-तिकडे फिरत होतं आणि बाबांची हनुवटी थरथरत होती. मी डॉक्टरांना गाडीचा वेग कमी-जास्त करायला सांगितलं. बाबा दातांत सळई धरूनच मान हलवू लागले. एकदा, दोनदा. मग सळई काढून तोंड पुसलं.

"हाव," ते म्हणाले. "आहे. चांगलाच आहे."

नंतर ते जोरात काकांवर ओरडले, आणि त्या ओरडण्यानं माझा जीव खाली आला. "अबे, आपण मिल बसवली! ही मोटार आहे, रोलिंग मिल नाही!"

झालं होतं ते असं. प्लांटमध्ये गिअरवर असा लोड येतो की दांडे वाकतात, म्हणून निळा रंग दाताच्या आतल्या टोकाला पुसलेला दिसला की ही माणसं समाधानानं हात धुतात. लोड आला की टेकण्याची जागा आपोआप मध्यावर सरकते. शेजारी तापलेलं लोखंड वाहतं, सगळं फुगतं, म्हणून खेळही सढळ ठेवतात. दोघांच्या हातांना तेच वळण. पण ह्या गाडीच्या ॲक्सलवर लोड कसला? डॉक्टर, सोफा आणि पडद्याच्या दांड्या. दात टोकालाच टेकत राहिले आणि ओरडत राहिले. भिलाईबाहेरच्या कुणाच्या हातून अशी चूक झालीच नसती.

सगळं पुन्हा खोललं. ह्या वेळी बाबांनी चकत्या एकेक करून बदलल्या, रंग बरोबर दाताच्या मध्यावर आणला, खेळ निम्म्यावर आणला, आणि दर वेळी सळई दातांत. घरी बसायचं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

दुसरी चक्कर रविवारी सकाळी, टाउनशिपमध्ये. सेक्टरचे रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, रहदारी नाही. ह्या वेळी मागे मी एकटी, मधली काच बंद, पुढे डॉक्टर आणि बाबा. गाडी टॉपमध्येच चालायला लागली, वेग घेतला, आणि मी श्वास रोखून वाट बघत राहिले. काही नाही. टायरखाली वाळकी पानं चुरडली तेवढं ऐकू आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा बाईला ह्या सीटवर बसून काय वाटलं असेल ते मला कळलं. कुणी नेतंय हेच कळत नाही, नुसती झाडं मागे जातात.

बाबा वळून काचेतून हातानं विचारत होते, आहे का? मी मान हलवली, नाही. त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा विचारलं, पुन्हा मी नाही म्हटलं. तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हाताशी लटकणाऱ्या एका नळीकडे बोट दाखवलं. कापडात गुंडाळलेली, टोकाशी वाटीसारखं तोंड. मालकानं मागून हुकूम द्यायचा, ड्रायव्हरनं पुढे ऐकायचा, त्याची ती सोय. दुसऱ्या टोकाला पितळी कर्णा होता. तो डॉक्टरांनी बाबांकडे सरकवला आणि खुणेनं सांगितलं, कानाला लावा.

नळीचं तोंड ओठांजवळ होतं आणि गाडीत इतकं शांत होतं की ओरडणं सुचलंच नाही. नळीत मी साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, आवाज नाही. एकदम शांत आहे. फार सुंदर झालं काम."

बाबा दचकले. कर्णा कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. "पुन्हा बोल," ते म्हणाले. त्यांचा आवाज काचेतूनही सहज येत होता.

"काय बोलू? घरी गेल्यावर पोहे करू की उपमा?"

"पोहे," ते म्हणाले.  झाडं जात होती. "असं रोज ऐकू आलं तं येतो मी त्या कानाच्या डॉक्टरकडे," म्हणाले, आणि मान न वळवता, रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "तू चिडली नाहीस?"

"मी? कायले चिडू?"

"मंग रोज कावून चिडून बोलते? सकाळी उठली का चिडून, जेवाले बोलावते तं चिडून. मले वाटे, बुढा जड झाला तुले."

मला नळी तोंडाशी धरवेना. इतकी वर्षं मी त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडत होते, आणि त्यांच्यापर्यंत पोचत होता तो नुसता राग. चहा घ्या, गोळी घेतली का, स्वेटर घाला, सगळं.

पुढे बाबा वाट बघत होते. त्यांनी कर्णा हलवला, त्यात फुंकर मारली, बोटानं टकटक केलं.

"बंद पडली का वं नळी?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, मलाच विचारलं, मोठ्यानं.

मी पदरानं डोळे पुसले आणि नळी उचलली. "नाही बाबा," हळूच म्हटलं, "चालू आहे."